पाव्हणं कोणत्या गावचं?

ताडकळसला एसटीतून अनोळखी माणूस उतरला की त्याला पाणी विचारायच्या आधी गाव विचारतात. "कोण गावचे?" हा पहिला प्रश्न आणि "कोणाकडं आलात?" हा दुसरा. दोन्हीची उत्तरं सरळ आली तर चहा होतो. उत्तर देताना माणूस अडखळला तर पारावरची मंडळी त्याला काही बोलत नाहीत, तो वळणाआड जाईस्तोवर नुसती बघत बसतात. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना ही चौकशी फार आगाऊपणाची वाटते. पण १९९१ साली हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्यानं जो लिनक्स लिहायला घेतला, आणि ज्याच्यावर आज निम्मं इंटरनेट उभं आहे, तो स्वभावानं थेट आमच्या पारावरचा आहे. त्याच्या यूएसबीच्या भोकात काहीही खुपसा. तो आधी विचारतो, कोण गावचं? अन् लगेच, कोणाच्या घरचं?

यात माझ्या पदरचं काही नाही, यूएसबीचा कायदाच तसा आहे. भोकात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला दोन नंबर असतात. पहिला कारखान्याचा, दुसरा त्या कारखान्यातल्या मालाचा, मधे दोन टिंबं. 'एलएसयूएसबी' असा हुकूम सोडला की कोण कोण आत येऊन बसलंय त्याची यादी पडद्यावर येते. या यादीत लिनक्सनं स्वतःच्या घरालाही नंबर लावून घेतलाय : १डी६बी. नवा पाव्हणा आला की लिनक्स आपली वही उघडतो आणि हा नंबर ओळखणारा कोणी घरात आहे का ते बघतो. त्या ओळखणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात. तो असला तर या, बसा. नसला तर लिनक्स तक्रार करत नाही, भांडत नाही, पडद्यावर लाल अक्षरंही आणत नाही. तो नुसता बघत बसतो.

ही सगळी माहिती मला ताडकळसमध्ये बसून मिळवायचं काही कारण नव्हतं. पण माझा भाचा पुण्याला हिंजवडीत आहे.

दिवाळीला आला तेव्हा त्यानं अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, एक यंत्र आणलं. पत्त्यांच्या कॅटाएवढा डबा. आत रास्पबेरी पाय नावाचा कॉम्प्युटर, त्यात लिनक्स, आणि लिनक्सच्या पोटात एमपीडी म्हणून गाणी वाजवणारं एक सॉफ्टवेअर. डब्याची पिन आमच्या टेपच्या जमान्यातल्या डेकला लावायची, मोबाइलवरून गाणं निवडायचं, आणि मग जगातलं कुठलंही गाणं त्या लाकडी खोक्याच्या स्पीकरमधून ऐकायचं, असा बेत. आईला गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग, अण्णांना नाट्यसंगीत, आणि मला कोणी विचारलं नाही.

बेतात एकच बारीक गोष्ट राहिली होती. भाच्यानं वापरलेला पाय होता दुसऱ्या पिढीचा, २०१५ सालचा. या पायला अंगचं वायफाय नाही. ते २०१६ साली आलेल्या तिसऱ्या पिढीपासून सुरू झालं. त्यामुळं वायफाय बाहेरून, यूएसबीतून जोडायचं. भाच्यानं पूर्ण्याहून पुण्याची गाडी धरताना दारात उभं राहून सांगितलं, "मामा, परभणीहून एक यूएसबी वायफाय आणा अन् त्यात लावा. बस्स." आयटीतली पोरं जिथं 'बस्स' म्हणतात तिथून काम सुरू होतं, हे मी आता कुणालाही लिहून द्यायला तयार आहे.

कोणी म्हणेल, सरळ वायर का नाही ओढली? पायला लॅनच्या केबलचं भोक असतंच की. असतं. पण आमचं घर अर्धं स्लॅबचं आणि अर्धं जुनं माळवदाचं. फायबर आलंय ते रस्त्याकडच्या स्लॅबच्या खोलीत, आणि डेक आहे तो माजघरात, अण्णांच्या खाटेशेजारी. मधे दगडमातीची भिंत आहे. ही भिंत माझ्या पणज्यानं निजामाच्या राज्यात बांधली आणि ती दीड हात रुंद आहे. हिला भोक पाडायचा विषय काढला की अण्णा म्हणतात, "रझाकाराच्या काळात ही भिंत हलली न्हाई, तू गाण्यासाठी पाडायलास व्हय?" यावर उत्तर नाही. अंगणातून वळसा घालून वायर न्यावी तर तिथं वासरू बांधलेलं असतं, आणि वासरानं आजवर कोणतीही लोंबती गोष्ट सोडलेली नाही.

अण्णांच्या लेखी मुळात हा सगळा उद्योगच अनाकलनीय. त्यांच्या तरुणपणी घरात रेडिओ आला तेव्हा त्याला लायसन्स लागायचं. लायसन्सचं पुस्तक असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पोस्टमास्तर तिकिटं लावून शिक्का मारायचा. १८८५ च्या तार कायद्याखाली रेडिओ ऐकणं ही सरकारी परवानगीची बाब होती आणि ऐंशीच्या दशकापर्यंत ती तशीच राहिली. उलट वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं त्या घरातल्या वापरासाठी सरकारनं २००५ साली परवान्यातून मोकळ्या केल्या. म्हणजे कागदोपत्री बघितलं तर रेडिओ अवघड होता आणि वायफाय सोपं आहे. अण्णांचा मुद्दा एवढाच, की लायसन्स एकदा काढलं की परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर काटा नेला की लागायचं. पोस्टमास्तर रोज सकाळी उठून 'पुन्हा पासवर्ड सांगा' म्हणत नव्हता.

असो. परभणीला गेलो.

दुकानदार हसतमुख होता. त्यानं काचेवर चार खोकी मांडली. नखाएवढा तुकडा शंभर-दोनशेत, आणि लांब कान असलेला त्याहून महाग. मी विचारलं, "लिनक्सवर चालतो का?"

"समद्यावर चालतो, सर."

"आत चिप कोणती आहे?"

त्यानं खोकं वर केलं, खाली केलं, उजेडात धरलं. मग ठामपणे म्हणाला, "इंपोर्टेड."

यात दुकानदाराची चूक काढण्यात अर्थ नाही, कारण खोक्यावरही काही लिहिलेलं नव्हतं. एक टिकमार्क होती, तिच्यापुढं 'लिनक्स' असं छापलं होतं, आणि खाली वेगाचा एक आकडा होता जो आजवर पृथ्वीवर कोणालाही मिळालेला नसावा. चिपचं नाव कुठंच नाही. लिनक्सला तर तेवढंच हवं असतं. वर कोणाचं लेबल चिकटवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आतली चिप कोणत्या कारखान्यातली एवढंच तो बघतो. आणि मौज अशी, की बाजारात एकाच नावाचा, एकाच रंगाचा, एकाच खोक्यातला ॲडॉप्टर यंदा एका चिपचा निघतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'आवृत्ती २' लिहिलेलं असतं, तेही नशीब असेल तर.

आम्ही परभणीची माणसं. आमच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी क्रांती' नावाची भेंडी काढली, मोझॅक रोगाला दाद न देणारी, आणि तिचं नाव देशभर गेलं. भेंडीच्या बियाण्याची पिशवी घेतली तर तिच्यावर वाण कोणता, लॉट नंबर काय, शंभरात किती बी उगवणार, कोणत्या तारखेपर्यंत चालणार, सगळं छापलेलं असतं. १९६६ चा बियाणे कायदाच आहे तसा. बी उगवलं नाही तर पिशवीची चिठ्ठी घेऊन कृषी खात्यात जाता येतं. आता मला सांगा, अर्ध्या एकरातल्या भेंडीचा वाण कळायची सोय आहे, आणि ज्याच्या जोरावर सगळ्या जगाची गाणी घरात यायची त्या वस्तूचा वाण विचारला तर उत्तर 'इंपोर्टेड'.

शेवटी नखाएवढाच घेतला. खोक्यात ॲडॉप्टरबरोबर एक सीडीही होती. तळहाताएवढी, छोटी. तिच्यात ड्रायव्हर होता म्हणे. सीडी घालायचं यंत्र आता आमच्याकडं नाही, गावात कोणाकडं असेलसं वाटत नाही, आणि भाच्याच्या डब्याला तर सीडी घालायला तोंडच नाही. ती सीडी अण्णांनी दोऱ्यात ओवून ज्वारीच्या रानात टांगली. उन्हात चमकते, पाखरं बिचकतात. त्या खोक्यातली पहिल्या दिवसापासून चाललेली वस्तू ती एकच.

ॲडॉप्टर खुपसला. त्याचा निळा दिवा लागला. घरात समाधान पसरलं, कारण आमच्या भागात दिवा लागला म्हणजे वस्तू चालू, हा अनुभवानं सिद्ध झालेला नियम आहे. मोटारीच्या स्टार्टरपासून चार्जरपर्यंत सगळीकडं तो लागू पडतो. फक्त वायफाय काही दिसेना.

मोबाइल-रिपेरिंगवाला पोरगा आला, फायबरचा केबलवाला आला, शाळेतले एक गुरुजी आले. गावात संगणकाच्या दुखण्यावर दोनच औषधं माहीत आहेत : रिस्टार्ट मारा आणि फॉरमॅट मारा. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट घराघरात आहे, पण ते नोकरीच्या अर्जाला जोडायला काढलेलं असल्यामुळं फाईलमधून बाहेर येत नाही. रिस्टार्ट मारून झालं. फॉरमॅट मारण्यापासून मी लोकांना महत्प्रयासानं परावृत्त केलं. मग भाच्याला फोन लावला, आणि त्याच्या सांगण्यावरून ती यादी काढली. कोण कोण आत बसलंय ती.

यादीत पाव्हणा होता. पण त्यानं सांगितलेली ओळख वायफायची नव्हतीच. तो म्हणत होता, मी सीडी आहे.

हे ऐकून मला वाटलं भाचा थट्टा करतोय. तो म्हणाला, "न्हाई मामा, लई ॲडॉप्टर असंच करतात." कारण असं, की कारखानदाराला वाटतं सगळे लोक विंडोज वापरतात. म्हणून ॲडॉप्टर पहिल्यांदा लावला की तो वायफाय असल्याचं लपवतो आणि आपण एक सीडी असल्याची बतावणी करतो. विंडोज ती सीडी उघडतं, तिच्यातला ड्रायव्हर घेतं, आणि ड्रायव्हर बसला की ॲडॉप्टर सोंग टाकून वायफाय होतो. विंडोजवाल्यांची सोय झाली. लिनक्स बिचारा सरळ. पाव्हण्यानं सांगितलं सीडी, यानं वहीत लिहिलं सीडी, आणि जेवणाची वेळ झाली तरी तसंच बसवून ठेवलं.

अण्णा इतका वेळ पडून ऐकत होते. ते उठून बसले. "सीडी हाय म्हणतंय नं? मग लाव की तिच्यातलं गाणं."

याच्यावर लिनक्सवाल्यांनी उपाय काढून ठेवलाय, त्याचं नाव 'यूएसबी मोडस्विच'. त्याचं काम एकच : अशा पाव्हण्याला ठरावीक खूण करून 'आता पुरे, खरं सांग' म्हणायचं. ती खूण झाली की ॲडॉप्टर यादीतून क्षणभर नाहीसा होतो आणि नवा नंबर घेऊन परत येतो. आमचाही आला. या वेळी त्यानं गाव खरं सांगितलं. फक्त त्या गावचं कोणी लिनक्सच्या वहीत नव्हतं. म्हणजे ड्रायव्हर नव्हता.

ड्रायव्हर कुठं मिळेल? इंटरनेटवर. इंटरनेट कसं मिळेल? ड्रायव्हर बसल्यावर. आमच्या तहसिलात रहिवासी दाखल्याला रेशनकार्ड आणि रेशनकार्डाला रहिवासी दाखला मागतात, हे सवयीचं असल्यामुळं घरात कोणी दचकलं नाही. आई म्हणाली, "कोणाच्या तरी वळखीनं होतंय का बग." आणि खरोखर ओळखीनंच झालं. मोबाइल वायरनं त्या डब्याला जोडायचा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं. लिनक्सनं माझा मोबाइल आयुष्यात कधी पाहिला नव्हता, तरी त्यानं त्याला तात्काळ ओळखलं आणि त्याच्यातून इंटरनेट घेतलं. ज्याला मुद्दाम विकत आणलं तो उंबऱ्यावर, आणि जो खिशात पडून होता तो घरचा जावई.

आता ड्रायव्हर तयार करायचा. हो, तयार करायचा. कारखानदार कधीतरी जुन्या लिनक्सपुरता ड्रायव्हर लिहून हात झटकतो. मग जगात कुठंतरी बसलेला एखादा परका माणूस, पगार नाही, पाटी नाही, नव्या लिनक्सला जमेल असा तो दुरुस्त करून फुकट वाटतो. या लोकांना आपल्याकडं वारीतल्या पाणपोईवाल्यांचा मान मिळायला हवा. पण तो ड्रायव्हर मिळतो कच्चा, मजकुराच्या रूपात. तो आपल्या यंत्रात, आपल्या लिनक्सच्या मापानं बांधून घ्यावा लागतो. 'मेक' असा हुकूम दिला की पडद्यावर अक्षरांचा पाऊस सुरू होतो. नऊशे मेगाहर्ट्झचा तो जुना पाय, त्याला हे काम झेपायला भाकरी थापून, जेवून, भांडी घासून होईस्तोवर वेळ लागतो. गुरुजी मात्र तेवढा वेळ खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले होते. कोणी आलं की सांगायचे, "प्रोग्रामिंग चालू हाय."

दरम्यान मोबाइलवर जी माहिती शोधावी ती दुसऱ्याच जन्मातली निघत होती. या पायचा लिनक्स डेबियनच्या घराण्यातला. डेबियनवाले आपल्या प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी' या सिनेमांतल्या पात्रांची नावं देतात, कारण त्यांचा एक जुना कारभारी ते सिनेमे काढणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होता. २०१९ ची आवृत्ती म्हणजे त्यातला कुत्रा, २०२१ ची घोडा आणि २०२३ ची चष्मा लावून पुस्तक वाचणारी अळी. कुत्रा-घोड्याच्या काळात वायफायचा पासवर्ड एका फाईलमध्ये लिहीत, अळीच्या काळात तो 'नेटवर्क मॅनेजर' नावाच्या वेगळ्याच कारभाऱ्याकडं द्यावा लागतो. ज्याला विचारावं तो आपल्या काळातला उपाय सांगतो, कोणत्या काळातला ते सांगत नाही, आणि घोड्याचं औषध अळीला लागू पडत नाही.

ड्रायव्हर बसला. लिनक्सनं पाव्हण्याला नाव दिलं. साधारण 'डब्ल्यूलॅन शून्य' असं सुटसुटीत नाव असतं, पण नव्या पद्धतीत यूएसबी वायफायचं नाव 'डब्ल्यूएलएक्स' आणि त्यापुढं त्याचा पूर्ण हार्डवेअर पत्ता, बारा अक्षरी. का, तर उद्या दुसरा ॲडॉप्टर आला तर घोळ नको. घरात एकच, अन् तोही एवढ्या मिनतवारीनं आलेला, दुसरा कोण आणतंय? पण लिनक्स पुढचा विचार करून ठेवतो.

आता पडद्यावर आसपासची वायफायं दिसायला लागली. किराणावाल्याचं दिसलं. पलीकडच्या गल्लीतल्या पाटलांचं दिसलं. डॉक्टरांचं दिसलं. आमचं सोडून सगळ्यांचं दिसलं.

केबलवाल्यानं राऊटर तपासला, तो ठणठणीत. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आमचं वायफाय दिसत होतं, फक्त त्या डब्याला दिसत नव्हतं. किराणावाला म्हणाला, माझा पासवर्ड घ्या. शेजारधर्म म्हणून ठीक, पण त्याच्या पोराचं मोबाइलवरचं मरण्या-मारण्याचं गेम चालू असताना जनाबाई कशा वाजणार?

याचं कारण कळलं तेव्हा मला ते फार आवडलं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल असतात. आपल्या देशात १ ते १३ वापरता येतात, अमेरिकेत १ ते ११. राऊटरनं आपल्या मनानं रिकामं बघून वरचं चॅनेल धरलं होतं. आणि भाच्यानं डब्याचं मेमरी कार्ड तयार करताना कोण्या अमेरिकी माणसाची रीत गिरवली होती, त्यामुळं यंत्राच्या समजुतीप्रमाणं ते अमेरिकेत होतं. तिकडं बारा-तेरावर ऐकायची पद्धत नाही म्हणून ते ऐकत नव्हतं. ताडकळसच्या माजघरात खाटेखाली बसून अमेरिकेचा कायदा पाळणारं हे गावातलं एकमेव यंत्र असावं. अमेरिकेला गेलेली गावची पोरंसुद्धा सुट्टीत आल्यावर एवढी निष्ठा ठेवत नाहीत.

देश बदलायला यादी उघडली. गुरुजी मोठ्यानं वाचत होते आणि भोवती जमलेली पोरं वाट बघत होती. जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. यादीत जर्मनी होतं. परभणी नव्हतं. नाइलाजानं 'आयएन' निवडलं, आणि आमचं वायफाय पडद्यावर उगवलं.

पण कसं उगवलं? 'सिग्नल : वजा ऐंशी'. या मापात सगळेच आकडे वजा असतात आणि शून्याच्या जेवढं जवळ तेवढं बरं. वजा पन्नास उत्तम, वजा ऐंशी म्हणजे धुगधुगी. अण्णांना एवढं समजावत बसणं शक्य नव्हतं. त्यांनी विचारलं, "वजा कामून हाय? सोसायटीचं काही बाकी हाय का?" शेजारीच दुसरा आकडा होता, 'दर्जा : सत्तरपैकी तीस'. तो गुरुजींना पटकन समजला. "पास हाय," ते म्हणाले. "पण काठावर."

काठावरचा तो विद्यार्थी पणज्याच्या भिंतीमुळं पुढं सरकेना. नखाएवढ्या ॲडॉप्टरला नखाएवढाच अँटेना, दीड हात भिंत, आणि भिंतीत तेवढाच ओलावा. उपाय शेवटी विजेच्या दुकानात नाही, भिंतीतच सापडला. यूएसबीची जोडवायर पाच मीटरपर्यंत चालते. तिच्या टोकाला ॲडॉप्टर बांधला आणि दाराच्या चौकटीजवळ, जिथं पूर्वी कंदील लटकायचा, त्या खुंटीला टांगला. दारातून राऊटर थेट दिसतो. वजा ऐंशीचे वजा साठ झाले. आई आल्यागेल्याला अजून सांगते, "त्या खुटीला हात लावू नका, तिथं वायफाय वाळत घातलंय."

वाजलं. जनाबाईंचा अभंग लागला, आई हात जोडून बसली, केबलवाल्यानंही चप्पल काढली. आणि ध्रुपद दुसऱ्यांदा यायच्या बेताला आवाज बंद पडला. थोड्या वेळानं आपोआप सुरू, पुन्हा बंद. याला म्हणतात 'पॉवर सेव्ह'. ॲडॉप्टरला क्षणभर काम नसलं की तो वीज वाचवायला डुलकी घेतो. लॅपटॉपच्या बॅटरीसाठी काढलेली ही युक्ती आहे. आमचा डबा भिंतीतल्या विजेवर चालतो, तिथं बचतीचा प्रश्न नाही. जी वीज वाचवायची ती महावितरण स्वतःहून वाचवत असतं. एका ओळीचा हुकूम देऊन ती डुलकी बंद केली.

त्यानंतर पडद्याच्या कोपऱ्यात विजेची एक पिवळी खूण चमकायला लागली. वायरमन म्हणाला गावातच व्होल्टेज कमी आहे. खरं कारण मोबाइलच्या पातळ वायरीत होतं. पायला पाच व्होल्ट लागतात, साधारण ४.६३ च्या खाली गेलं की तो ही खूण दाखवतो, आणि यूएसबी वायफाय चालू झालं की ते आणखी वीज ओढतं. जाड वायर आणि चांगला चार्जर लावल्यावर खूण गेली.

आता चालू आहे. पहाटे हरिपाठ लागतो, दुपारी नाट्यसंगीत. वीज जाऊन आली की डब्याला तारीख आठवत नाही, कारण त्याच्या अंगात घड्याळाची बॅटरी नाही. तो बंद पडला त्या वेळेतच उठतो आणि वायफाय लागलं की इंटरनेटला विचारून तारीख दुरुस्त करतो. अण्णांना हा त्याचा एकच गुण मनापासून पटलेला आहे. भाच्याचा फोन येतो तेव्हा तो अपडेट करा म्हणतो. अपडेट केलं की लिनक्सचं माप बदलतं आणि मापानं शिवलेला ड्रायव्हर बसेनासा होतो. यावर 'डीकेएमएस' म्हणून सोय आहे, ती प्रत्येक अपडेटनंतर ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधते. ती आता घातली आहे. तरीही अपडेटचं नाव निघालं की आई त्याला म्हणते, "दिवाळीला आल्यावर कर, तू इथं असताना."

माझं मत विचाराल तर दोष लिनक्सचा नाही. तो गाव विचारतो ते बरोबरच करतो. दोष आहे तो गाव न सांगता माणसं पाठवणाऱ्यांचा. बियाण्याच्या पिशवीवर वाण छापायला लावणाऱ्या देशात ॲडॉप्टरच्या खोक्यावर चिपचं नाव छापायला लावणं काही अशक्य नाही, आणि ग्राहक पंचायतीनं हा विषय हातात घ्यावा असं मी गंभीरपणे सुचवतो.

ते होईस्तोवर, तुमच्याकडं असा जुना डबा असेल आणि यूएसबी वायफाय आणायला परभणीला, नांदेडला किंवा कुठंही निघाला असाल, तर एका चिठ्ठीवर ही नावं लिहून न्या : एआर९२७१, आरटी५३७०, एमटी७६१२यू. या तिन्हींचे ड्रायव्हर लिनक्सच्या वहीत आधीपासून असतात. दुकानदाराला चिठ्ठी दाखवा, मॉडेलचं नाव आणि आवृत्ती मोबाइलवर टाकून चिप ताडून बघा, आणि तो 'समद्यावर चालतो' म्हणाला तर पैसे काढू नका. आणि तुमच्या भिंतीला भोक पाडायची परवानगी घरात मिळत असेल, तर यातलं काहीच करू नका. लॅनची केबल ओढा.